ओल्या स्फटिकाची कथा

प्राणिज द्रव्यांची अंतर्रचना क्ष-किरणांच्या साह्यानें शोधण्याच्या विद्येचा आरंभ कोणत्या यंत्रापासून झाला, असें वाचकांनीं विचारल्यास आम्ही एका बारीक कांचेच्या नळीकडे बोट दाखवूं. मिठाच्या स्फटिकांतील अणूंची मांडणी धाकट्या ब्रॅगनें १९१३ सालींच उलगडली होती; परंतु प्रथिनांचे वाळलेले स्फटिक किरणांसमोर धरले असतां चित्रपट्टीवर नुसता अस्पष्ट काळिमा उमटे.

१९३४ सालीं स्वीडनमधील अप्साला येथें जॉन फिलपॉट हे पेप्सिनचें द्रावण शीतपेटींत ठेवून सुटीवर गेले; परत येऊन पाहतात तों त्यांत दोन मिलिमीटर लांबीपर्यंतचे सुरेख स्फटिक वाढलेले! तेथें आलेल्या ग्लेन मिलिकन यांनीं ते द्रवासह कोटाच्या खिशांतून केंब्रिजला बर्नाल यांजकडे आणिले. द्रवाबाहेर काढतांच स्फटिक बिघडतो, हें बर्नाल यांनीं सूक्ष्मदर्शकांतून ओळखलें, व तो त्याच्याच द्रवासह नळींत बंद करून चित्र घेतलें. या वेळीं स्पष्ट ठिपके उमटले. बर्नाल व डोरोथी क्रोफूट (पुढें हॉजकिन) यांचा लेख त्याच वर्षीं 'नेचर'मध्यें आला.

आमच्याकडे संशोधन खुंटलें कीं उपकरणांच्या अभावाच्या नांवानें खडे फोडणारे पुष्कळ आहेत; त्यांजपुढें ही नळी धरण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु तो आवरलाच पाहिजे. क्रोफूटबाईंनीं ऑक्सफर्डला इन्सुलिनचें पहिलें चित्र १९३५ सालीं घेतलें. रचना हातीं आली ती १९६९ सालीं. चौतीस वर्षें! बाईंच्या चिकाटींत उणें कांहींच नव्हतें. ठिपक्यांची तीव्रता मोजतां येते. पण कोणती लहर किती पुढेंमागें आहे, हें चित्र सांगत नाहीं. त्याची वाट पेरुट्झ यांनीं १९५३ सालीं हिमोग्लोबिनला पाऱ्याचे जड अणु जोडून दाखविली. मग राहिलें गणित. केंड्र्यू यांच्या मायोग्लोबिनच्या १९५७ मधील स्थूल नकाशास सुमारें ४०० ठिपके पुरले. त्यापुढील सूक्ष्म नकाशास सुमारें १०,००० लागले. केंब्रिज विद्यापीठाचीं गणकयंत्रें हाताशीं नसतीं, तर ही आंकडेमोड कोणी पुरी केली असती, असें आम्हांस वाटत नाहीं.

आज हे किरण प्रचंड वर्तुळाकार त्वरकांतून मिळतात, आणि स्फटिक बहुधा अतिशीत नायट्रोजन वायूच्या झोतांत, शून्याखालीं सुमारें १७० अंशांवर ठेवितात. नळीची जागा आतां एका बारीकशा फांसानें घेतली आहे. त्या फांसांत स्फटिकाभोंवतीं त्याच्या द्रवाचा गोठलेला थेंब असतो.