रॉबिन, उमाजी आणि फकिरा

रॉबिन हूड हा मुळात सरदार नव्हे. १५०० च्या सुमारास छापलेल्या ‘गेस्ट’ या दीर्घ कवनात तो साधा, स्वाभिमानी ग्रामस्थ आहे आणि गोरगरिबांना लूट वाटण्याचे प्रसंगही तेथे आपल्या समजुतीपेक्षा फार कमी आहेत. १५९८ मध्ये अँथनी मंडे या नाटककाराने त्याला उमराव करून टाकले. नाटकाच्या प्रेक्षकांना बंडखोरही खानदानीच रुचत असावा!

त्या जुन्या कवनात मात्र एक विलक्षण प्रसंग आहे. राजा रॉबिनला माफी देऊन आपल्या चाकरीत घेतो, पण दरबारात त्याचा जीव रमत नाही आणि सव्वा वर्षातच तो पुन्हा रानात निघून जातो. पुढे एका नातलग जोगिणीच्या विश्वासघातानेच त्याचा अंत होतो.

हे वाचताना आपल्या उमाजी नाईकांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. किल्ल्यांच्या राखणीवर जगणाऱ्या रामोशांची उपजीविका पेशवाई बुडाल्यावर गेली आणि पुरंदरच्या डोंगरांत बंड उभे राहिले. इंग्रजांनी उमाजींनाही एकदा माफी दिली, नोकरी दिली. तेही पुन्हा डोंगरात गेले. जुन्या सोबत्यांच्या फितुरीने ते पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर चढले.

साम्य येथेच संपते. रॉबिनची कथा त्याच्यावर लोभ असणाऱ्यांनी गाइली. उमाजींचा विस्तृत वृत्तांत लिहिला तो त्यांचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने, १८३३ मध्ये. त्या ग्रंथात शत्रूच्या धैर्याची कदर आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही लेखणी सरकारची आणि म्हणून शब्दही ‘दरोडेखोर’ हाच. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त करणाऱ्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पोर्तुगीज कायद्याच्या लेखी तेही गुन्हेगारच! आमलीकरांना हा शब्दांचा खेळ वेगळा समजावून सांगायला नको.

ती लेखणी बंडखोराच्या घरात आली ती अण्णा भाऊ साठे यांच्या हाती. १९५९ ची ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांच्याच वाटेगावची, त्यांच्याच आप्ताची आणि त्यांच्याच मांग समाजाची कथा आहे. दुष्काळात भुकेलेल्यांसाठी खजिना लुटणारा हा नायक रॉबिनचा मराठी भाऊ म्हणून ओळखला जातो, पण ती ओळख अपुरी आहे. उमराव होण्याची त्याला गरज पडत नाही. संपूर्ण जमातीलाच गुन्हेगार ठरवून रोज हजेरी द्यायला लावणारा कायदा शेरवुडच्या रानात नव्हता. तो फकिराच्या दाराशी होता, आणि कादंबरीचा खरा संताप त्या हजेरीवर आहे.

शेवटही अण्णा भाऊंनी वेगळा केला. येथे फितूर कोणी नाही. सरकार फकिराची माणसे कोंडून ठेवते आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन हजर होतो.