खंजिरीपुढचा माणूस

गायकांची चरित्रे लिहिली जातात, श्रोत्यांची लिहिली जात नाहीत. घराणी, बंदिशी, ध्वनिमुद्रिका, मानसन्मान यांच्या नोंदी शोधल्या तर सापडतात. पण एखाद्या गायकासाठी चार-पाच कोस चालत गेलेला, मध्यरात्र उलटेपर्यंत जमिनीवर बसून राहिलेला आणि पहाटे तसाच शेताच्या वाटेला लागलेला माणूस कुठल्याच दप्तरात नसतो. इतिहासात तो येतो तो ‘प्रचंड जनसमुदाय’ या दोन शब्दांच्या आडून. वर्धा जिल्ह्याशी निगडित अशा एका जनसमुदायाचा माग काढावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. समुदाय तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचा, आणि काळ प्रामुख्याने १९३५ ते १९४२ हा.

आवडत्या कलावंतामागे वेडे होणे ही काही एका देशाची मिरास नव्हे. फ्रान्झ लिस्टच्या पियानोवादनाने युरोपातील श्रोत्यांची जी अवस्था होई, तिला हाइनरिख हाइने या जर्मन कवीने १८४४ मध्ये ‘लिस्टोमेनिया’ असे नाव दिले. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बीटल्सच्या निमित्ताने तसाच दुसरा शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला. कॅलिफोर्नियात १९६५ साली जन्मलेल्या ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे चाहते तर बँडच्या मागोमाग गावोगाव हिंडत, कार्यक्रम ध्वनिफितींवर उतरवून घेत आणि त्या फितींची आपसांत देवघेव करीत. त्यांच्याविषयी लिहिताना पाश्चात्त्य अभ्यासकांना ‘भक्ती’, ‘यात्रा’, ‘पंथ’ असे धर्मक्षेत्रातले शब्द उसने घ्यावे लागतात.

आपल्याकडची अडचण नेमकी उलटी आहे. भक्ती हा शब्द इथे आधीपासूनच हजर असतो. लोक का आले, तर भक्तीने आले, असे म्हटले की चौकशी संपते. ते काय ऐकायला आले, ऐकताना काय करीत होते, ऐकून झाल्यावर त्यांचे काय झाले, हे प्रश्न उरतच नाहीत. तुकडोजींच्या श्रोत्यांबाबत हे प्रश्न विचारायलाच हवेत असे मला वाटते. कारण त्यातल्या काहींना ऐकण्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली, असे सरकार आणि भक्त दोघेही सांगत आले आहेत.

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावचा. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ म्हटले आणि पुढे तेच नाव राहिले. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्याच वर्षी सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीला त्यांनी जो यज्ञ केला, त्याला तीन लाख लोक जमल्याचे त्यांच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. ती गर्दी कोणी मोजली, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. खुद्द आकडा सांगितला जाणे हेच महत्त्वाचे आहे. श्रोत्यांना आपली संख्या अभिमानाने सांगावीशी वाटली, म्हणजे आपण सगळे मिळून कोणीतरी आहोत, अशी जाणीव त्यांना झाली होती.

मोझरी वऱ्हाडात, वर्धा जिल्हा मध्य प्रांतात; मधली सीमा म्हणजे वर्धा नदी. पण सरकारी नकाशावरची ही रेघ श्रोत्यांनी कधी मानली नाही. आर्वी-आष्टीकडची माणसे नदी ओलांडून, कोणी पायी, कोणी बंडी जुंपून भजनाला जात, आणि महाराजही या काठाला येत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या जोड-प्रांतात मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा कानावर असल्यामुळे तुकडोजींनी दोन्हींत भजने रचली. इथल्या शेतकऱ्याला हिंदी बोलता येवो न येवो, ती समजत असे; आणि परभाषेतल्या बोलाला जो थोडा भारदस्तपणा येतो, तोही त्याला हवा असे.

आता थोडे वाद्याविषयी. खंजिरी म्हणजे लहान लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या. वजन नाममात्र, किंमत शेतमजुराच्या आवाक्यातली. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने वाजवायची. तबल्यासारखी बैठक लागत नाही, पेटीसारखा भाता नाही, साथीदारांचा ताफाही नाही. ताल आणि झंकार एकाच हातातून निघतात आणि उघड्या मैदानात लांबवर पोचतात. ध्वनिवर्धक गावोगाव नव्हते, त्या काळात हा गुण फार मोलाचा होता.

पण खरी किल्ली भजनाच्या घडणीत आहे. गायक ध्रुपद म्हणतो, समोरचे ते उचलतात. गायक कडवे म्हणतो, समोरचे पुन्हा ध्रुपदावर येतात. तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणे पाठ झालेले असते. बैठकीतल्या गाण्याला रसिक ‘वाहवा’ म्हणतो, म्हणजे तो गाण्याच्या बाहेर उभा राहून दाद देतो. खंजिरी भजनात श्रोत्याला बाहेर जागाच नाही. त्याची दाद म्हणजे त्याचा आवाज. दंडार आणि खडी गंमत यांवर पोसलेल्या या मुलखाला रात्र जागवणे नवे नव्हते. नवे होते ते आपण स्वतः कार्यक्रमाचा भाग असणे. शिवाय भजनातला विषयही हळूहळू बदलत गेला. देव, गुरू, वैराग्य यांच्या जोडीला व्यसन, अस्पृश्यता, अस्वच्छता, गुलामी हे शब्द आले. जो माणूस ध्रुपद उचलतो, तो त्या शब्दांना आपल्या तोंडाने होकार देतो. चार लोकांत उच्चारलेल्या होकाराचे वजन घरात बसून वाचलेल्या पत्रकापेक्षा निराळे असते.

या श्रोत्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव वर्धा जिल्ह्यातलेच. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. याच गावाला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. १९३६ मध्येच तुकडोजी तिथे जवळपास महिनाभर मुक्कामाला होते. आश्रमातल्या प्रार्थनेचे वळण वेगळे होते. साबरमतीत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी ती शास्त्रीय संगीताच्या शिस्तीत बसवलेली; सूर संथ, आवाज संयत. अशा ठिकाणी खंजिरी कडाडली. भक्तमंडळींत एक आख्यायिका सांगितली जाते, ती अशी की गांधीजींचे मौन असताना भजन झाले आणि ते इतके रंगून गेले की मौन विसरून, पुन्हा एकदा म्हणा, असे बोलून गेले.

ही कथा घडली की रचली गेली, यापेक्षा ती इतक्या आवडीने का सांगितली जाते, हे मला अधिक बोलके वाटते. तिच्यात महात्मा काही उपदेश करीत नाही, आशीर्वादही देत नाही. तो फक्त ‘वन्स मोअर’ देतो. नाट्यगृहाच्या पिटातला माणूस जे करतो तेच. खंजिरीपुढे बसलेल्या शेतकऱ्याने ही कथा सांगताना गांधीजींना आपल्या रांगेत, आपल्या शेजारी बसवून घेतले आहे. चाहत्यांचा इतिहास पाहताना अशा कथा कागदपत्रांइतक्याच कामाच्या असतात. कारण त्यांत चाहता स्वतःचे चित्र काढत असतो.

सहा वर्षांनी चित्र बदलले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजींना अटक झाली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात उठाव झाला. आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, गावकरी पडले आणि खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. दोन्ही गावे तुकडोजींच्या भजनांनी भारलेली होती. गावातल्या साध्यासुध्या वस्तूच लढ्याची साधने होतील, अशा आशयाचे त्यांचे हिंदी भजन तिथे तोंडपाठ होते. २८ ऑगस्टला चांद्यात तुकडोजींना अटक झाली. आधी नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात मिळून सुमारे शंभर दिवस काढल्यावर २ डिसेंबरला ते सुटले.

गावांचे भोग मात्र शंभर दिवसांत संपले नाहीत. चिमुरात स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमाचे प्राध्यापक भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवसांचे उपोषण केले. खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. आजही आष्टीचे नाव ‘आष्टी (शहीद)’ असे लिहिले जाते.

या घटनेचे दोन अर्थ लावले गेले. सरकारचा हिशेब सरळ होता: भजनाने माथी भडकली, म्हणून भजन म्हणणाऱ्याला पकडा. भक्तांचा हिशेबही वेगळा नव्हता, फक्त त्याचे मोल उलटे होते: महाराजांच्या वाणीने गाव पेटले, म्हणून श्रेय महाराजांचे. गंमत अशी की, परस्परांचे शत्रू असलेल्या या दोन्ही बाजू एका गोष्टीवर एकमत होत्या. दोघींच्या लेखी श्रोता म्हणजे काडी लावली की पेटणारे वाळले गवत.

मला हे पटत नाही. तीच भजने वऱ्हाडातल्या आणि नागपूर विभागातल्या कितीतरी गावांनी ऐकली होती, आणि प्रत्येक गाव पोलीस ठाण्यावर चालून गेले नाही. तेव्हा आष्टीच्या श्रोत्यांनी जे ऐकले त्याचे काय करायचे, ते त्यांनी ठरवले. नेत्यांच्या अटकेच्या बातमीवर, गावातल्या आपसांतल्या विश्वासावर, आणि समोरच्या बंदुकीवर ठरवले. भजनाने त्यांना हुकूम दिला नव्हता. भजनाने त्यांना दिले होते ते एकत्र बसण्याची सवय, एका तालात आवाज मिसळण्याचा सराव आणि शेजारचाही हेच म्हणतो आहे ही खात्री. ही देणगी लहान नाही. पण तिच्या बळावर जे घडले त्याचे श्रेय आणि त्याची जबाबदारी, दोन्ही त्या माणसांचीच मानली पाहिजेत. गोळीला छाती देणारे तेच आणि माणूस मारला गेल्याचे ओझे वाहणारेही तेच. त्यांना नुसते भारावलेले म्हणणे म्हणजे त्यांचे शौर्य काढून घेणे. आणि त्या दिवशीच्या हिंसेवर विचार करण्याचा त्यांचा हक्कही काढून घेणे.

माझ्या समजुतीप्रमाणे खुद्द तुकडोजींनाही या शक्तीचे भान तुरुंगानंतर अधिक आले असावे. कारण त्यापुढच्या वर्षांत त्यांनी श्रोत्यांना रोजचे काम दिले. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या; सकाळी ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, रांगेत बसणे, हातात झाडू घेऊन गाव साफ करणे. एका रात्रीच्या कार्यक्रमाला जमणारी गर्दी आता गायक नसतानाही जमू लागली. चाहत्यांचे मंडळ गायकावाचून चालते, तेव्हा त्याला संस्था म्हणतात. भूदानाच्या काळात विनोबांच्या कामाला तुकडोजींनी हात दिला, तेव्हा हीच माणसे कामी आली. पुढे आलेली एक्केचाळीस अध्यायांची ‘ग्रामगीता’ मी याच क्रमात वाचतो. वर्षानुवर्षे ध्रुपद उचलणाऱ्या गावाला दिलेले ते सविस्तर उत्तर आहे. १९५५ मध्ये जपानमधल्या धर्मपरिषदेत खंजिरी वाजली, याचे कौतुक पुष्कळ होते. पण तिचा खरा दरबार होता तो आर्वी, आष्टी, तिवसा, मोर्शीकडच्या पारांवरच.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तुकडोजींचे मोझरीला निधन झाले. त्यानंतर ‘ग्रेटफुल डेड’च्या चाहत्यांपुढे उभा राहिला तोच प्रश्न इथेही उभा राहिला: तो आवाज नाही, तर आता जमायचे कशासाठी? अमेरिकेतल्या त्या चाहत्यांनी फिती जपल्या. इथे लोकांनी भजनांच्या वह्या जपल्या, खंजिरी पुढच्या हातात दिली. सत्यपाल महाराजांसारख्या कलावंताने सात खंजिऱ्या एकत्र मांडून तिच्यातून समाजप्रबोधनाचा नवा बाज काढला.

आणि लोकांनी आणखी एक गोष्ट शोधली, जी मला जगातल्या कुठल्याही चाहत्यांच्या इतिहासात आढळलेली नाही. दरवर्षी पुण्यतिथीला वर्धा जिल्ह्यातून आणि अवघ्या विदर्भातून पालख्या, दिंड्या, भगव्या टोप्या मोझरीकडे निघतात. दिवसभर भजनांचा गजर चालतो. मग ४ वाजून ५८ मिनिटे होतात आणि तो सारा समुदाय एकदम गप्प होतो. लाखांच्या गर्दीत पानाची सळसळ ऐकू येते. ज्यांचे ऐकणे आजवर आवाज मिसळण्याचे होते, ते त्या क्षणी आवाज आवरून ऐकतात. गायक नाही, गाणे नाही, खंजिरीही नाही. समोर फक्त श्रोता आहे, आणि तेवढा वेळ तरी त्याला ‘प्रचंड जनसमुदाय’ म्हणून ओलांडून पुढे जाता येत नाही.