दहापैकी सात : ‘डूम’चे परीक्षण आणि परीक्षकाची मोजपट्टी

‘डूम’ हा व्हिडिओ गेम तुम्ही खेळला नसलात तरी त्याचे नाव ऐकले असेल. मंगळाच्या फोबॉस आणि डिमॉस या चंद्रांवरचे तळ, तिथे नरकातून आलेले राक्षस आणि बंदूक घेतलेला एकटा सैनिक, एवढीच त्याची कथा. अमेरिकेत टेक्सासमधल्या ‘इड सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीने तो १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. २०१५ मध्ये ‘वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम’ सुरू झाले तेव्हा पहिल्या सहा खेळांत त्याची निवड झाली. मात्र १९९४ मध्ये ‘एज’ या ब्रिटिश मासिकाने त्याला दिले होते दहापैकी सात गुण. हे सात गुण कमी होते की योग्य, हा या टिपणाचा विषय.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘डूम’ दुकानातून आला नाही. त्याचा पहिला भाग, म्हणजे नऊ लेव्हल, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला गेला आणि तो कोणीही फुकट वाटावा अशी मुभा होती. आवडला तर पुढचे दोन भाग पैसे भरून मागवायचे. म्हणजे छापील परीक्षण हातात पडेपर्यंत वाचकाने खेळ बहुधा पाहिलेलाच असे. ‘घ्यावा की नाही’ हे सांगणे हे परीक्षकाचे नेहमीचे काम, आणि इथे तेच निम्मे संपलेले होते.

मग कौतुक कशाचे झाले? मुख्यतः दृश्याचे आणि वेगाचे. याच कंपनीच्या १९९२ च्या ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’मध्ये सर्व भिंती काटकोनात, जमीन सगळीकडे एकाच पातळीत आणि उजेड सर्वत्र सारखा होता. ‘डूम’मध्ये तिरक्या भिंती, जिने, काळोखे कोपरे आले. यामागचे तंत्र तुम्हाला डेटा स्ट्रक्चर्सच्या अभ्यासक्रमामुळे परके वाटू नये. नकाशा रेषांनी दुभागत जायचा आणि त्याचे बायनरी ट्री आधीच तयार करून ठेवायचे. खेळताना सैनिक जिथे उभा असेल तिथून ते ट्री चालत गेले की जवळच्या भिंती आधी, लांबच्या नंतर, असा क्रम आपोआप मिळतो; दर चित्राला वेगळे सॉर्टिंग करावे लागत नाही. ही पद्धत १९८० च्या एका शोधनिबंधातली. जॉन कारमॅक यांनी ती घरगुती पीसीवर पळवून दाखवली. खरे तर हा नकाशा सपाट आहे, एका खोलीवर दुसरी खोली त्यात रचताच येत नाही. खेळणाऱ्याला ते जाणवत नाही, यातच कारागिरी आहे.

‘एज’च्या परीक्षकालाही हे दृश्य आवडले होते. त्याची तक्रार निराळी होती : नुसत्या गोळ्या किती झाडायच्या? या प्राण्यांशी बोलता आले असते, त्यांच्यातल्या काहींशी दोस्ती करता आली असती तर? या वाक्यांची पुढे इतकी टिंगल झाली की परीक्षण विसरले गेले आणि विनोद उरला. राक्षसाशी गप्पा! हसू येणे साहजिक आहे.

पण १९९२ चा ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ पाहा. ‘डूम’च्या जवळजवळ पावणेदोन वर्षे आधीच्या या खेळात त्रिमिती भुयारात भेटणाऱ्या प्राण्यांशी बोलता येते, सरडेमाणसांची भाषा शिकावी लागते. म्हणजे परीक्षक अशक्य काही मागत नव्हता. खुद्द ‘इड’मध्ये टॉम हॉल यांनी पात्रे आणि सविस्तर कथा असलेला आराखडा लिहिला होता. तो बाजूला पडला, आणि हॉल खेळ पूर्ण होण्याआधीच कंपनीतून बाहेर पडले. संवाद नसणे ही निवड होती, आणि निवडीवर प्रश्न विचारणे हे समीक्षेचे कामच आहे. माझ्या मते प्रश्न बरोबर होता, मोजपट्टी मात्र दुसऱ्या जातीच्या खेळाची होती. धावण्याच्या शर्यतीत बुद्धिबळाचे गुण लावावेत तसे ते झाले. नव्या जातीला अजून नावसुद्धा नव्हते; पुढची काही वर्षे असे सगळे खेळ ‘डूम क्लोन’ म्हणूनच ओळखले जात.

१९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ आला. त्यात प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ आणि पहारेकरी तुमच्याशी बोलतात, सोबत चालतात, आणि समीक्षकांनी नेमके याचेच कौतुक केले. त्या परीक्षकाची आठवण मात्र कोणी काढली नाही.

हिंसेचा प्रश्न वेगळ्या व्यासपीठांवर गेला. ‘डूम’ प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली होती, अर्थात दुसऱ्या खेळांवरून. जर्मनीने १९९४ मध्ये ‘डूम’ अल्पवयीनांसाठीच्या निर्बंध-यादीत टाकला आणि २०११ मध्ये काढला. तिथे ‘एज’च्या गुणांना काही किंमत नव्हती.

स्वाध्याय : १९९४ ते १९९८ मधले अशा खेळाचे कोणतेही एक छापील परीक्षण मिळवा. त्यात तुलना कोणत्या खेळांशी केली आहे आणि गुण कशाकशाला दिले आहेत, याची यादी करा. मग त्याच खेळाचे गेल्या पाच वर्षांतले परीक्षण शेजारी ठेवा आणि कोणते निकष नव्याने आले, कोणते गळाले, ते नोंदवा.