विश्वचषकांतील केनियाचा संघ

एखाद्या संघाची योग्यता केवळ हारजितीच्या हिशेबावरून ठरवावयाची म्हटलें, तर विश्वचषकाच्या इतिहासांत केनियास फारसें मानाचें स्थान मिळणार नाहीं. १९९६ पासून २०११ पर्यंत लागोपाठ पांच स्पर्धांत हा संघ उतरला. मैदानावर त्यानें सहा सामने जिंकले आणि बावीस गमावले. तथापि कसोटी सामने खेळण्याचा अधिकार नसतांना एकदिवसीय विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारणारा संघ आजवर हा एकच होय. इतक्या उंचीवर चढलेला संघ पुढें दहा-अकरा वर्षांत दिसेनासा व्हावा, ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाहीं.

१९७५ च्या पहिल्या स्पर्धेंत पूर्व आफ्रिका या नांवाचा एक संयुक्त संघ खेळला होता व केनियाचे खेळाडू त्यांत होते. लीड्स येथें भारतानें त्यास दहा गडी राखून हरविलें; भारताचा विश्वचषकांतील तो पहिलाच विजय. त्या काळीं तिकडे हा खेळ मुख्यतः गोऱ्या व हिंदी लोकांचा होता. पुढें आफ्रिकी घरांतील मुलें तो शिकलीं, आणि अशीं शिकलीं कीं टिकोलो, ओडुम्बे, सुजी, ओबुया अशा एकेका कुटुंबांतील भाऊभाऊ देशाच्या संघांत दिसूं लागले.

केनियाच्या नांवानें हा संघ विश्वचषकांत प्रथम आला तो १९९६ सालीं, आणि त्याची खरी ओळख जगास पटली ती पुण्यांत. २९ फेब्रुवारीस नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडीजशीं गांठ होती. नाणेफेक जिंकून वेस्ट इंडीजनें केनियास प्रथम फलंदाजीस धाडलें, आणि १६६ धांवांत त्यांचा डाव आटोपला. त्यांतही सर्वांत मोठा वांटा कोणा फलंदाजाचा नव्हे, ३७ अवांतर धांवांचा! एवढ्या पुंजीवर सामना जिंकतां येईल असें कोणास वाटलें असेल? पण रजब अलीनें कर्णधार रिचर्डसनचा त्रिफळा उडविला, लारा अवघ्या आठ धांवांवर यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हातीं सांपडला, आणि मॉरिस ओडुम्बे यानें आपल्या फिरकीवर १५ धांवांत तीन गडी टिपले. दोनदां विश्वचषक जिंकलेला संघ ९३ धांवांत गारद झाला. लगेच सहा दिवसांनीं कँडी येथें श्रीलंकेनें याच गोलंदाजांना ३९८ धांवा ठोकल्या, हेंही सांगितलें पाहिजे. मात्र त्या सामन्यांतही स्टीव्ह टिकोलोनें ९६ धांवा काढल्या.

१९९९ ची स्पर्धा केनियास निष्फळ गेली. पांचही सामने हातचे गेले. ब्रिस्टल येथील सामना मराठी माणसाच्या स्मरणांत आहे तो निराळ्या कारणानें. कवि रमेश तेंडुलकर यांच्या निधनानंतर चारच दिवसांनीं त्यांच्या चिरंजीवांनीं तेथें नाबाद १४० धांवा केल्या.

२००३ सालीं शिक्षक म्हणून मुंबईचे संदीप पाटील यांची योजना झाली होती. स्पर्धा दक्षिण आफ्रिकेंत असली तरी दोन सामने नैरोबीस ठेवलेले होते. आदल्या नोव्हेंबरांत मोंबासा येथें स्फोट झाला होता; त्या भयानें न्यूझीलंडचा संघ नैरोबीस गेलाच नाहीं व सामन्याचे चार गुण केनियास आपोआप मिळाले. या गुणांवांचून केनिया पुढच्या फेरींत गेला नसता, हें टीकाकारांचें म्हणणें हिशेबानें खरें आहे: केनियाचे गुण १६, वेस्ट इंडीज व दक्षिण आफ्रिका यांचे १४. पण म्हणून सर्व यश फुकटचें ठरत नाहीं. त्याच नैरोबींत कॉलिन्स ओबुयानें २४ धांवांत पांच गडी बाद करून श्रीलंकेस लोळविलें. पुढें बांगला देश व झिम्बाब्वे हेही हरले. म्हणजे कसोटीचा मान मिळविलेले तीन संघ एकाच स्पर्धेंत या संघानें मैदानावर नमविले! हें दान कोणी पदरांत टाकलेलें नव्हतें. निवृत्तींतून परत बोलाविलेल्या आसिफ करीमनें दरबान येथें बलाढ्य ऑस्ट्रेलियाचे तीन गडी केवळ सात धांवांत बाद केले, त्यास तर तोडच नाहीं. उपांत्य सामन्यांत भारतानें ९१ धांवांनीं विजय मिळविला. पाटलांना तो दिवस आपल्याच देशाविरुद्ध उभें राहून काढावा लागला.

यानंतर खरें म्हणजे सुगी यावयाची, आला दुष्काळ. मोठ्या देशांनीं केनियाशीं खेळण्याची उत्सुकता दाखविली नाहीं. पैशावरून मंडळ व खेळाडू यांच्यांत तंटा माजून संप झाला. २००४ सालीं सट्टेवाल्यांशीं संबंध ठेवल्याबद्दल ओडुम्बेवर पांच वर्षांची बंदी आली; पुण्याच्या विजयाचा हाच शिल्पकार. दोष परक्यांचा किती व घरचा किती, हें वाटून देणें कठीण. परंतु सामनेच न मिळालेल्या संघानें तरुण खेळाडू तयार करावे कोठें?

२००७ सालीं कॅनडावर एक विजय मिळाला, तो शेवटचा. २०११ सालीं चेन्नईस न्यूझीलंडनें केनियाचा डाव ६९ धांवांत गुंडाळला व सहाही सामने गेले. पांचही विश्वचषकांत खेळलेला टिकोलो त्या स्पर्धेंतला आपला अखेरचा सामना कोलकात्यास खेळला. २०१४ सालीं केनियाचा एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला.