भाषाविज्ञानाचे एम. ए. आणि कर्जत-खालापूरच्या बोली

भाषाविज्ञानात एम. ए. करणे म्हणजे चार-पाच भाषा शिकणे, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. भाषा कशी घडते, कशी बदलते आणि माणूस ती कशी वापरतो, याचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे भाषाविज्ञान. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, या दोन शब्दांतील ‘ज’ मराठी माणूस वेगवेगळा उच्चारतो, पण लिहितो एकच. तो का, हे विचारण्यापासून या विषयाची सुरुवात होते. उत्तर कोकणातील आगरीसारख्या बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. शाळेत त्याला अशुद्ध म्हटले जाते, भाषावैज्ञानिक मात्र त्यातला नियम शोधतो.

कर्जत हे स्थानक रेल्वेमार्गाने मुंबईहून सुमारे १०० आणि पुण्याहून सुमारे ९२ किलोमीटरवर आहे. त्यामुळे येथील पदवीधरास दोन वाटा खुल्या आहेत. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आणि मुंबईत कालिना संकुलात मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग. डेक्कन कॉलेजचे नाव यात आधी घ्यावे लागते. १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा सुरू झाले. डॉ. सु. मं. कत्रे, डॉ. अशोक केळकर यांसारख्यांनी तेथे या विषयाची परंपरा उभी केली. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

अभ्यासक्रमात ध्वनिविचार, रूपविचार, वाक्यविचार, अर्थविचार यांबरोबर भाषेचा इतिहास, समाजभाषाविज्ञान आणि क्षेत्रकार्य हे विषय येतात. कला शाखेचा पदवीधरच हवा असे नाही. गणिताची किंवा संगणकाची बैठक असलेल्यांना वाक्यविचार उलट सोपा जातो. नोकऱ्या मर्यादित आहेत, हे आधीच ध्यानात घेतलेले बरे. ‘नेट’ परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय असल्याने अध्यापन व संशोधनाचा मार्ग आहे. त्याखेरीज कोशकार्य, भाषांतर, वाचादोषांवरील संशोधन आणि संगणकाला मराठी बोलणे-समजणे शिकविणारे प्रकल्प. या शेवटच्या क्षेत्रात मागणी वाढली आहे.

क्षेत्रकार्य मात्र या भागातील विद्यार्थ्याला दारातच सापडते. दोन्ही तालुक्यांच्या डोंगरकुशीत ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात ठाकरी व कातकरी यांची नोंद आहे. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठी बोलींची जी पाहणी हाती घेतली, तीत याच जिल्ह्यातील महाडच्या कुणबी बोलीवर स्वतंत्र पुस्तक निघाले. २०१३ मध्ये डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आला. तरी एका वाडीत बसून, आजी आणि नात यांच्या बोलण्यातला फरक टिपणाऱ्या अभ्यासाला अजून भरपूर वाव आहे.

२०११च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. ही समाजाची संख्या झाली, बोली बोलणाऱ्यांची नव्हे. आश्रमशाळेत शिकवणे प्रमाण मराठीतून, बाजारात बोलणे मराठीतून. मग बोली उरते ती घरापुरती. घरातल्या थोरांनीही मुलांशी मराठीतच बोलायला सुरुवात केली, की एका पिढीत चित्र पालटते.

विद्यार्थ्याने वाडीत जाऊन करायचे काम तसे साधे असते. आधी परवानगी, मग नातेवाचक शब्द, अवयव, झाडे-मासे यांची शब्दसूची, त्यानंतर लहान वाक्ये आणि शेवटी एखादी सलग सांगितलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवणे. मासे आणि रानभाज्यांच्या नावांत जुने शब्द टिकून राहण्याची शक्यता अधिक, म्हणून तेथे घाई करू नये.

अडचण येते ती वेळेची. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी सुट्ट्या नेमक्या याच काळात येतात. वाडी भरलेली असते ती भातलावणीच्या दिवसांत, आणि तेव्हा एम. ए.चे पहिले सत्र नुकतेच सुरू झालेले असते.