माचा मूळचा कुठला?

मंडळी, सुशीच्या हॉटेलात मिसो सूपनंतर हिरवागार माचा आला की आपण म्हणतो, 'अस्सल जपानी!' पण जरा थांबा. चहाच्या वड्या दळून ती पूड गरम पाण्यात घुसळायची रीत चीनची, सोंग राजवटीतली. एइसाई हा झेन भिक्षू ११९१ मध्ये ती शिकून जपानला परतला. १२१४ मध्ये शोगुन सानेतोमोची आदल्या रात्रीची दारू उतरत नव्हती, तेव्हा एइसाईने त्याला हाच चहा पाजला! पुढे १३९१ मध्ये मिंग सम्राटाने नजराण्यात येणाऱ्या चहाच्या वड्या बंद केल्या. चीनमध्ये सुट्या पानांचा चहा रुळला, पूड मागे पडली. जपानने मात्र ती सोडली नाही. मग माचा कुणाचा? मी म्हणेन, ज्यांनी तो शतकानुशतकं घुसळला त्यांचा. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा!