आधी वसतिगृह, मग महाविद्यालय



उच्च शिक्षणातल्या समान संधीबद्दल मोर्शीत बसून बोलायचं, तर प्रवेशाच्या यादीआधी रस्त्याकडे बघावं लागतं. इथून अमरावती पन्नासेक किलोमीटर. आज एस.टी.नं जाता येतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मॅट्रिक झालेल्या पोरानं जायचं कुठं? हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजं नागपुरात १८८० च्या दशकात निघाली. अमरावतीचं सरकारी किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचं विदर्भ महाविद्यालय, निघालं १९२३ मध्ये. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचं.

मधली चाळीस वर्षं वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात जात होता, शेतकरी सारा भरत होता. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं: सरकारी उत्पन्न बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून येतं आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या पदरात पडतो.

आता पंजाबराव देशमुखांकडे या. जन्म १८९८, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा, शेतकरी घरातला. शिकायचं म्हणून गावामागून गाव बदललं. पुढे पुण्याचं फर्ग्युसन, मग एडिंबरा, ऑक्सफर्ड. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास. ज्या ग्रंथांपासून कुणब्याच्या पोराला दूर ठेवलं, त्यांच्यावरच या पोरानं संशोधन केलं! बॅरिस्टर होऊन १९२६ मध्ये ते परतले.

परतल्यावर त्यांनी काय केलं, हे महत्त्वाचं आहे. अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. शिवाजी शिक्षण संस्था १९३२ ची, तिचं अमरावतीचं महाविद्यालय १९४६ चं. हा क्रम लक्षात घ्या. खेड्यातल्या मुलाला शहरात खोली आणि दोन वेळची भाकर मिळाली, तरच कॉलेजची जागा त्याच्या कामाची. अस्पृश्य मुलाला तर पैसे असूनही खोली मिळत नसे. कोल्हापुरात शाहू महाराजांचा क्रमही असाच दिसतो. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये, आणि नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश २६ जुलै १९०२ चा.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न प्रदेशाचाही झाला. १९५३ च्या नागपूर करारात तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशात विदर्भाला न्याय्य वाटा मिळेल, असं आश्वासन होतं. संविधानाच्या कलम ३७१(२) मध्येही तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची तरतूद आहे. प्रत्यक्षात काय झालं? अमरावतीत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये आलं, विद्यापीठ १९८३ मध्ये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२४ उजाडल्यावर! मेडिकलच्या प्रवेशातलं ७०:३० हे विभागवार सूत्र २०२० मध्ये रद्द झालं. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तिथून ही मागणी जोरात होती, आणि तिच्यात तथ्य होतं. पण सूत्र ठेवा की काढा, ज्या तालुक्यात नीटची तयारी करून घेणारं कुणी नाही, तिथल्या मुलीचं अंतर त्यानं कमी होत नाही.

आज मोर्शीत भारतीय महाविद्यालय आहे, पदवीपर्यंत घरची भाकर खाऊन शिकता येतं. ही मोठी गोष्ट आहे, विशेषतः मुलींसाठी. शासनाचा वसतिगृह निर्वाह भत्ताही पंजाबरावांच्याच नावानं आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४ पासून उत्पन्नाच्या मर्यादेत माफ आहे.

पण फी माफ झाली, तरी खोलीभाडं आणि मेस राहतेच. संत्र्याचा बहार गळाला, की त्या वर्षी घरात पहिली चर्चा होते ती कुणाचं शिक्षण थांबवायचं याची, आणि बहुतेक वेळा नाव मुलीचं निघतं. म्हणून भत्ता किती, याच्याइतकंच तो कोणत्या महिन्यात हातात पडतो हे विचारा. जूनचं भाडं मार्चमध्ये मिळून उपयोग नाही. तुमच्या गावातून यंदा बाहेर शिकायला गेलेल्यांची यादी करा, आणि बारावी होऊन घरीच राहिलेल्यांचीही. दुसरी यादी कोणी ठेवत नाही. ती ठेवायला आपल्यापासून सुरुवात होऊ द्या.